जाहिरात नको, रेंज पाहा

या पानावर मोबाईलच्या कार्डाविषयी लिहिलेले पाहून काही वाचकांना नवल वाटेल. सीमाप्रश्न, मराठी शाळा, मराठीतून मिळायला हवीत ती परिपत्रके आणि शेतजमिनींचे संपादन हे आमचे नेहमीचे विषय आहेत. पण गावोगावच्या बैठका संपल्या आणि चहा आला की एक प्रश्न हटकून निघतो. "आमच्या गावात कोणत्या कंपनीचं कार्ड घ्यावं हो?" विचारणारा कधी दूध डेअरीचा सचिव असतो, कधी बचत गटाची अध्यक्ष, तर कधी पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाची आई. प्रश्न साधा दिसतो, पण त्याचे उत्तर एका कंपनीचे नाव सांगून देता येत नाही. नीट उत्तर शोधू लागले की ते थेट आपल्या नेहमीच्या विषयांपाशी येऊन ठेपते. म्हणून या अंकाचे संपादकीय आम्ही या विषयाला देत आहोत.

आमचे मत थोडक्यात असे आहे. कार्ड निवडताना जाहिरात, स्वस्त रिचार्ज किंवा पाहुण्यांचा सल्ला प्रमाण मानू नये. आपले घर, आपले शेत आणि आपला रस्ता इथे कोणती रेंज येते हे स्वतः तपासावे आणि मगच ठरवावे. जिथे कोणाचीच रेंज येत नाही, तिथे हा प्रश्न ग्राहकाचा राहत नाही, गावाचा होतो. तो गावाने एकत्र येऊन मांडायला हवा.

प्रथम पाहुण्यांच्या सल्ल्याविषयी. पुण्याचे किंवा मुंबईचे नातेवाईक सांगतात की अमुक कंपनी उत्तम आहे. ते खोटे बोलत नाहीत, पण ते त्यांच्या परिमंडळाविषयी बोलत असतात. भारतात मोबाईल सेवा ३१ जुलै १९९५ रोजी सुरू झाली. कंपन्यांना परवाने देताना देशाची परिमंडळांत वाटणी झाली आणि ही परिमंडळे बहुतांशी राज्यांच्या सीमांवरून आखली गेली. आज अशी २२ परिमंडळे आहेत. गोवा महाराष्ट्राच्या परिमंडळात आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार कर्नाटकात आहेत. इंदूर-ग्वाल्हेरचे आपले बांधव मध्य प्रदेशाच्या परिमंडळात असून त्यात छत्तीसगडही येतो. हैदराबादचे मराठी भाषक आंध्र प्रदेश परिमंडळात आहेत. २०१४ साली तेलंगण वेगळे झाले, पण परिमंडळ एकच राहिले. म्हणजे १ नोव्हेंबर १९५६ रोजी जी रेघ आपल्या गावांवरून ओढली गेली, तीच पुढे ध्वनिलहरींनाही लागू झाली.

याचा रेंजशी काय संबंध? कंपन्या ध्वनिलहरींचे पट्टे लिलावात विकत घेतात ते परिमंडळाप्रमाणे. एखाद्या कंपनीकडे महाराष्ट्रात दूर पोहोचणारा पट्टा भरपूर असेल आणि कर्नाटकात कमी असेल. दुसरीचे उलट असेल. टॉवर किती आणि कुठे उभारायचे हेही प्रत्येक परिमंडळातील बाजारपेठ पाहून ठरते. म्हणून पुण्याच्या अनुभवावरून खानापूरचे, किंवा हैदराबादच्या अनुभवावरून बिदरचे कार्ड ठरवण्यात अर्थ नाही. शेजारच्या गल्लीतील माणसाचा अनुभव पुण्याच्या पाहुण्यापेक्षा कितीतरी उपयोगी आहे.

या वाटणीचा भुर्दंड सीमाभागाने अनेक वर्षे सोसला. २००३ पर्यंत आलेल्या फोनलाही पैसे पडत. ते बंद झाल्यावरही परिमंडळाबाहेर गेले की रोमिंग लागे. बेळगावहून वेंगुर्ल्याच्या रस्त्याने निघाले की शिनोळीला महाराष्ट्र लागतो. चोर्ला घाट उतरला की गोवा येतो. निपाणीहून कागल हाकेच्या अंतरावर आहे. सकाळी बाजाराला जाऊन दुपारी परतणारा माणूस मोबाईलच्या हिशेबात परराज्यात प्रवास करून आलेला असे. सीमेलगतच्या गावांत तर घरात बसल्या बसल्या फोन पलीकडच्या राज्याचा टॉवर पकडे आणि शिल्लक कापली जाई. बीएसएनएलने जून २०१५ मध्ये रोमिंगमधील इनकमिंग मोफत केले आणि २०१७ पर्यंत खासगी कंपन्यांचेही देशांतर्गत रोमिंगचे वेगळे दर गेले. त्यामुळे पलीकडचा टॉवर मिळाला तर आज पैसे जात नाहीत. ही सुधारणा मोठी आहे आणि ती मोकळ्या मनाने मान्य केली पाहिजे.

आता रेंजविषयी चार गोष्टी. त्या कळल्या की दुकानदाराच्या बोलण्यातले खरे किती आणि माल खपवण्यापुरते किती, हे ओळखता येते.

पहिली गोष्ट पट्ट्यांची. ७००, ८०० आणि ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी दूर जातात आणि भिंतीतूनही बऱ्यापैकी आत शिरतात. १८०० किंवा २३०० च्या लहरी जास्त माहिती वाहून नेतात, पण त्यांचा पल्ला कमी असतो. ५जीसाठी २०२२ च्या लिलावात विकला गेलेला ३३०० मेगाहर्ट्झचा पट्टा शहरात वेग देतो, पण तो लांबच्या वाडीपर्यंत पोचत नाही. खेड्यातल्या माणसाने 'आमच्याकडे ५जी आहे' या एका वाक्यावर भुलू नये. आपल्या अंगणात साधे ४जी नीट चालते का, हे आधी विचारावे.

दुसरी गोष्ट भूगोलाची. मोबाईलच्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. डोंगराच्या पाठीमागे, खोल खोऱ्यात किंवा दाट झाडीत त्या क्षीण होतात. कणकुंबी-जांबोटीचा पट्टा, चोर्ला घाट आणि भीमगडच्या आसपासची वाड्या-वस्त्यांची रांग कोणाच्याही डोळ्यांसमोर आली की हे लगेच पटेल. मलप्रभेचा उगम ज्या डोंगरात होतो, तिथे पाऊसही जिल्ह्यात सर्वांत जास्त पडणाऱ्या भागातला. पावसाळ्यात वीज गेली की टॉवर बॅटरीवर किंवा जनरेटरवर चालतो आणि ते संपले की बंद पडतो. मे महिन्यात तपासलेली रेंज जुलैत टिकेल असे नाही. जाड दगडी भिंती आणि पत्र्याचे छप्पर असलेल्या घरात तर अंगणातली रेंज माजघरात येईतो निम्मी होते.

तिसरी गोष्ट काड्यांची. फोनच्या पडद्यावरील काड्या सगळ्या फोनमध्ये एकाच मापाच्या नसतात. एका फोनवरच्या तीन काड्या दुसऱ्यावर दोन दिसतील. खरे माप फोनच्या सेटिंगमध्ये असते. बहुतेक ॲण्ड्रॉइड फोनमध्ये 'फोनविषयी' या भागात सिमची स्थिती पाहिली तर उणे चिन्हासह एक आकडा आणि पुढे डीबीएम असे दिसते. उणे ८० च्या आसपास आकडा असेल तर रेंज चांगली. उणे ११० किंवा त्याहून खाली असेल तर बोलणे तुटण्याची शक्यता जास्त. शिवाय काड्या भरलेल्या असूनही इंटरनेट रांगते, कारण एकाच टॉवरवर संध्याकाळी सारा गाव बसलेला असतो. म्हणून रेंज आणि वेग या दोन गोष्टी वेगळ्या तपासाव्यात.

चौथी गोष्ट फोनची. जिओचे जाळे ४जी आणि ५जीचे आहे. त्यावर २जी नाही. ज्या फोनमध्ये ४जीवरून बोलण्याची, म्हणजे व्होल्टीची सोय नाही, त्यावर हे कार्ड चालत नाही. आजोबांचा जुना बटणाचा फोन असेल तर २जी अजून देणाऱ्या एअरटेल, व्हीआय किंवा बीएसएनएल यांच्यापैकी ज्याची रेंज घरात येते ते कार्ड घ्यावे. घरात तारेचे इंटरनेट असेल आणि मोबाईलची रेंज आत येत नसेल, तर फोनमध्ये वायफाय कॉलिंग चालू करून पाहावे. बऱ्याच नव्या फोनमध्ये ही सोय असते आणि तिला वेगळे पैसे पडत नाहीत.

हे ध्यानात घेऊन तपासणी कशी करायची ते सांगतो. चार ठिकाणे ठरवा. घराच्या आतली खोली, शेत किंवा कामाची जागा, रोजचा रस्ता किंवा बस थांबा, आणि मुलांची शाळा किंवा दवाखाना. प्रत्येक ठिकाणी तीन वेळा पाहा. सकाळी, संध्याकाळी सात ते नऊच्या दरम्यान, आणि वीज गेलेली असताना. नवे कार्ड विकत न घेताही बरेच कळते. फोनच्या सेटिंगमध्ये नेटवर्क आपोआप निवडण्याचा पर्याय असतो. तो थोडा वेळ बंद केला की त्या जागी कोणकोणत्या कंपन्यांचे टॉवर फोनला ऐकू येतात याची यादी दिसते. ती लिहून घ्या आणि पर्याय पुन्हा चालू करा. आणखी एक खूण अशी. कार्ड असूनही पडद्यावर 'फक्त आपत्कालीन कॉल' असे आले, तर बहुधा आपल्या कंपनीची रेंज तिथे नाही, पण दुसऱ्या एखाद्या कंपनीची आहे. ती कोणाची, ते यादीवरून कळते. मग ज्याच्याकडे ते कार्ड आहे त्या शेजाऱ्याला बोलावून त्याच्या फोनवरून पाच मिनिटे बोलून पाहा. आवाज तुटतो का, समोरच्याला नीट ऐकू जाते का, हे कानांनीच ठरते.

कंपन्यांचे नकाशेही पाहावेत. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २०२४ च्या नव्या नियमांत कंपन्यांवर आपल्या रेंजचे नकाशे संकेतस्थळावर ठेवण्याचे बंधन घातले आणि त्यासाठी १ एप्रिल २०२५ ही मुदत दिली. आपल्या गावावर बोट ठेवून २जी, ४जी, ५जी यांपैकी काय दाखवले आहे ते पाहता येते. नकाशा हा कंपनीचा दावा आहे हे विसरू नये. तो घराच्या आतले सांगत नाही. पण त्याचा एक मोठा उपयोग आहे. नकाशावर गाव रंगवलेले आहे आणि गावात रेंज नाही, असे असेल तर तक्रारीसाठी कंपनीचाच लेखी पुरावा आपल्या हातात आला.

तपासणीनंतर कार्ड बदलावे असे ठरले तर नंबर सोडण्याची गरज नाही. नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय २० जानेवारी २०११ पासून देशभर आहे आणि ३ जुलै २०१५ पासून ती एका परिमंडळातून दुसऱ्यातही मिळते. इंग्रजीत पोर्ट हा शब्द, मोकळी जागा आणि आपला नंबर असा संदेश १९०० वर पाठवला की एक सांकेतिक क्रमांक येतो. आपल्याकडे तो चार दिवस चालतो. तेवढ्यात नव्या कंपनीच्या दुकानात ओळखपत्र घेऊन जायचे. डिसेंबर २०१९ च्या नियमांनुसार एकाच परिमंडळात हे काम तीन कामकाजाच्या दिवसांत आणि दुसऱ्या परिमंडळात पाच दिवसांत व्हायला हवे. सध्याच्या कंपनीकडे नव्वद दिवस पूर्ण झालेले असले पाहिजेत आणि बिलाचे कार्ड असेल तर थकबाकी भरलेली असली पाहिजे. १ जुलै २०२४ पासून आणखी एक अट आली आहे. हरवलेल्या कार्डाच्या बदली नवे कार्ड घेतले असेल तर त्यानंतर सात दिवस नंबर हलवता येत नाही. फसवणूक रोखण्यासाठी हे केलेले आहे, त्यात आपलेच हित आहे.

आजकाल बँक, आधार, शिधापत्रिका, गॅस सारे त्या एका नंबरला जोडलेले असते. म्हणून दुकानदार म्हणाला की 'नवाच नंबर घ्या, ऑफर चांगली आहे', तर नाही म्हणावे. घरात दोन माणसांकडे दोन वेगळ्या कंपन्यांची कार्डे असणे मात्र शहाणपणाचे आहे. एक टॉवर बंद पडला तर दुसरा असतो. दुसरे कार्ड फक्त बोलण्यापुरते हवे असेल तर इंटरनेटचे पैसे भरण्याची गरज नाही. ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये नियम बदलून केवळ बोलणे आणि एसएमएस यांचे रिचार्ज उपलब्ध करणे कंपन्यांना बंधनकारक केले. दुकानदार ते आपण होऊन दाखवत नाही, मागावे लागते.

दराविषयीही बोलले पाहिजे. जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी दर वाढवले तेव्हा लाखो ग्राहक बीएसएनएलकडे गेले. सरकारी कंपनी टिकावी असे आम्हालाही वाटते. तिच्या देशी बनावटीच्या ४जी जाळ्याचे उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झाले, हेही चांगलेच झाले. पण जिथे तिचा टॉवर नाही किंवा अजून ४जी झालेला नाही, तिथे स्वस्त रिचार्जही महागच पडते. प्रेम म्हणून घेतलेले कार्ड रात्री दोन वाजता रुग्णवाहिकेला फोन लागू देत नसेल, तर त्या प्रेमाचा उपयोग नाही. उलट, जिथे बीएसएनएलचाच टॉवर एकटा उभा आहे, तिथे मित्रांच्या नादाने दुसरे कार्ड घेणे तितकेच चुकीचे.

इथे आणखी एका भावनेचा विचार करणे भाग आहे. सीमाभागातील काही तरुण चंदगड किंवा कोल्हापुरात जाऊन मुद्दाम महाराष्ट्राच्या परिमंडळाचे कार्ड घेतात. संदेश मराठीत येतात, ग्राहक सेवेत मराठी ऐकू येते, आणि आपला नंबर महाराष्ट्राचा आहे याचे समाधान मिळते. ही भावना आम्ही समजू शकतो. पण तिचा जमाखर्च मांडून पाहा. त्याने गावातली रेंज वाढत नाही, कारण फोनला टॉवर इथलाच मिळतो. कार्ड हरवले तर बदली कार्डासाठी अनेकदा मूळ परिमंडळात खेटे घालावे लागतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कर्नाटक परिमंडळाच्या हिशेबातून एक मराठी ग्राहक कमी होतो. बेळगावात, खानापुरात, निपाणीत इतके ग्राहक मराठी बोलतात आणि त्यांना मराठीत सेवा हवी, हे कंपनीला सांगायचे असेल तर तिच्या वहीत आपण असलो पाहिजे. आपण सारे कोल्हापूरच्या वहीत गेलो तर मराठीची मागणी करणार कोण? म्हणून आमचा आग्रह असा की कार्ड इथलेच घ्यावे आणि मराठी इथेच मागावी. ग्राहक सेवेला फोन लावल्यावर भाषा विचारली जाते तेव्हा मराठीचा पर्याय आहे का, हे प्रत्येकाने विचारावे. नसेल तर तशी तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. एका माणसाची तक्रार बाजूला पडते. एका तालुक्यातून हजार तक्रारी गेल्या तर व्यापारी माणसाला हिशेब कळतो.

आता मुख्य मुद्दा. जिथे यादीत एकाही कंपनीचे नाव येत नाही, त्या गावांचे काय? तिथे निवडीचा प्रश्नच उरत नाही. खरा अन्याय तिथे आहे. गेल्या काही वर्षांत सरकारने एकेक काम मोबाईलवर नेले. २०२० च्या टाळेबंदीत शाळा मोबाईलवर गेली आणि आमची मुले रेंजसाठी टेकडीवर जाऊन बसली. जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या कामावरील हजेरी मोबाईलवरील छायाचित्राने घेणे सक्तीचे झाले. शिधावाटपाच्या दुकानातील यंत्राला नेटवर्क लागते. योजनेचा अर्ज भरला की ओटीपी येतो. ज्या गावात रेंज नाही त्या गावातील माणूस कागदावर लाभार्थी असतो आणि प्रत्यक्षात रांगेच्या बाहेर असतो. सेवा मोबाईलवर न्यायची असेल तर मोबाईल चालेल याची जबाबदारीही सरकारनेच घेतली पाहिजे.

यासाठी पैसा नाही असे नाही. खेड्यापाड्यांत सेवा पोहोचावी म्हणून कंपन्यांच्या उत्पन्नातून २००२ पासून वेगळा निधी जमा होत आला आहे. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्याला 'डिजिटल भारत निधी' असे नाव मिळाले. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने रेंज नसलेल्या २४,६८० गावांत ४जी पोहोचवण्यासाठी २६,३१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली आणि तिचे काम बीएसएनएलकडे सोपवले. या निधीतून उभ्या राहिलेल्या टॉवरवर दुसऱ्या कंपन्यांच्या ग्राहकांनाही सेवा मिळावी, अशी सोय जानेवारी २०२५ मध्ये सुरू झाली. म्हणजे अशा टॉवरखाली सरकारी की खासगी हा वादच बऱ्याच अंशी मिटतो. आपल्या गावांची नावे या योजनेत आहेत का, नसतील तर का नाहीत, हे विचारणे हे आता आपले काम आहे.

सरासरीच्या खेळाकडेही लक्ष वेधतो. बोलणे मध्येच तुटण्याचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आत असावे असा ट्रायचा निकष सर्वांना माहीत आहे. पण हा हिशेब अनेक वर्षे साऱ्या परिमंडळाचा मिळून मांडला जात असे. बंगळूरच्या लाखो चांगल्या फोनमध्ये कणकुंबीचे शंभर तुटलेले फोन कुठे दिसणार? तुटलेल्या फोनची भरपाई द्यावी हा ट्रायचा नियम मे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला, त्यामुळे तोही मार्ग राहिला नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये मात्र त्याच न्यायालयाने मोबाईल ग्राहकाला ग्राहक मंचाकडे जाता येते असा निर्वाळा दिला. म्हणून तक्रारीचा क्रम पक्का ठेवावा. आधी कंपनीकडे नोंद, मग कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे, त्यानंतर केंद्राच्या तक्रार निवारण पोर्टलवर दूरसंचार विभागाकडे, आणि गरज पडल्यास ग्राहक मंचात. प्रत्येक पायरीचा क्रमांक आणि तारीख लिहून ठेवावी. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, त्यामुळे तिकडे अर्ज पाठवून वाट पाहण्यात वेळ घालवू नये.

दोन आक्षेप आमच्या कानावर येतात. पहिला आक्षेप टॉवरच्या किरणांचा. गावात टॉवर नको, पण रेंज हवी, असे दोन्ही बाजूंनी बोलून चालणार नाही. भारतात १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या किरणोत्साराची मर्यादा आंतरराष्ट्रीय निकषाच्या एक दशांश ठेवलेली आहे. शंका असेल तर 'तरंग संचार' या सरकारी पोर्टलवर टॉवरची माहिती पाहता येते आणि शुल्क भरून मोजणीही मागता येते. मोजणी मागा, पण अफवेवरून टॉवर अडवू नका. दुसरा आक्षेप जंगलाचा. भीमगड २०११ साली अभयारण्य झाले. तिथे टॉवर उभारायचा तर वन खात्याची परवानगी लागते आणि ती लागावीच. आम्ही जंगलाच्या विरोधात नाही. ते जंगल आपल्याच पूर्वजांनी राखलेले आहे. पण शाळेच्या आवारात किंवा असलेल्या रस्त्याच्या कडेला, झाड न तोडता टॉवर बसू शकतो का, हे जागेवर येऊन पाहिल्याशिवाय नकार देणे आम्हाला मान्य नाही.

काही ज्येष्ठ कार्यकर्ते विचारतील, हे आपल्या संघटनेचे काम आहे का? आमचे उत्तर होय असे आहे. महाराष्ट्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला तो २००४ साली. न्याय मिळेल तेव्हा मिळेल. तोवर इथल्या मराठी माणसाने इथेच जगायचे आहे, मुलांना शिकवायचे आहे आणि म्हाताऱ्यांना दवाखान्यात न्यायचे आहे. ज्या संघटनेला गावातली रेंज आणता येत नाही, तिच्या मोठ्या मागण्यांवर नव्या पिढीचा विश्वास कसा बसेल? आणि कोल्हापूर, गोवा, पुणे इथे विखुरलेल्या मुलांशी आई-वडिलांचे मराठीतून रोज जे बोलणे होते, ते याच टॉवरवरून होते. भाषा टिकते ती अशा बोलण्याने.

म्हणून प्रत्येक गावच्या शाखेला आम्ही तीन कामे सुचवतो. पहिले, वर सांगितल्याप्रमाणे चार ठिकाणी तीन वेळा तपासणी करून कागदावर तक्ता करावा. गाव, वस्ती, तारीख, वेळ, कंपनी, डीबीएमचा आकडा आणि बोलणे झाले की तुटले, एवढेच रकाने पुरेत. हे काम दहावी-बारावीची मुले दोन दिवसांत करतील. दुसरे, जिथे एकही कंपनी येत नाही तिथे ग्रामसभेत ठराव करून घ्यावा. मूळ अर्ज मराठीत लिहावा आणि सोबत इंग्रजी प्रत जोडावी, म्हणजे भाषेचे निमित्त करून कोणाला तो बाजूला ठेवता येणार नाही. तिसरे, तक्ता आणि ठरावाची एक प्रत आमच्याकडे पाठवावी.

आलेले तक्ते आम्ही गावांच्या नावांसह याच पत्रकात छापू, म्हणजे कोणत्या वस्तीत कोणते कार्ड चालते हे शेजारच्या गावालाही कळेल. रेंज नसलेल्या गावांची एकत्र यादी घेऊन शिष्टमंडळ दूरसंचार विभागाकडे, बीएसएनएलच्या जिल्हा कार्यालयाकडे आणि खासदारांकडे जाईल. पाऊस सुरू होण्याआधी एक तपासणी आणि भर पावसात दुसरी झाली, तर कोणत्याही अधिकाऱ्यासमोर ठेवता येईल असा कागद आपल्या हातात असेल. तक्ते या महिनाअखेरपर्यंत पोहोचतील असे पाहावे, ही सर्व शाखाप्रमुखांना विनंती.